प्रेसचा बोल्ट

रक्षानं लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि पडद्यावर बोट टेकवलं. "काका, हे राखाडी ठिपके म्हणजे पोलाद. अन् हे लाल, बारीक, तो हायड्रोजन."

वासुदेवरावांनी चष्मा पुसला. हिंगणघाटच्या प्रेसिंग फॅक्टरीत त्यांनी तीस वर्षं फिटरकी केली होती. पोलादाच्या आत काही चालतं-फिरतं, हे कधी ऐकलं नव्हतं. लाल ठिपके राखाडी रांगांतून वाट काढत होते आणि बोल्टच्या आट्यांपाशी, जिथं ताण जास्त, तिथं गोळा होत होते. पडद्यावर पहिला दिवस गेला. दुसरा, तिसरा. सहाव्या दिवशी आट्यात एक काळी रेघ उमटली आणि आरपार गेली.

तेव्हाही सहावाच दिवस होता. शहाण्णव साली त्यांनी रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसला नवे बोल्ट आवळले होते. सहाव्या दिवशी त्यातला एक तुटला आणि शेजारी उभ्या भैयाजीच्या कपाळात बसला. भैयाजी त्यांचा जोडीदार, रक्षाचा बाप. वासुदेवनं प्रमाणाबाहेर आवळला, असं चौकशीत ठरलं. भैयाजीच्या बायकोनं त्यांना मयतीलाही येऊ दिलं नाही. आज नऊ वर्षं झाली. चूक आपलीच, असं त्यांनी स्वतःही मानून टाकलं होतं.

"तुटलेला तुकडा आईनं जपून ठेवलता," रक्षा म्हणाली. "नागपूरले कॉलेजात तपासला. मंग दोन वर्षं कॉम्प्युटरवर हेच करून राह्यली मी. तुमचा हात बरोबर होता, काका. बोल्टावर जस्ताची प्लेटिंग आहे. प्लेटिंगच्या वक्ती तेजाबातून काढतेत, तवा हायड्रोजन आत शिरते अन् पोलाद ठिसूळ करते. लगेच भट्टीत तापवला तर निंघून जाते. हे बोल्ट कोनं तापवलेच नाई."

वासुदेवरावांनी खाटेची दोरी घट्ट धरली.

"आईले आजच सांगतो म्हटलं. ती सोता येईन तुमच्या घरी." रक्षा पुढं वाकली. "फक्त एक सांगा. प्लेटिंगले कोनं नेलते ते बोल्ट? ज्यानं नेले, त्यानंच मारलं माह्या बाबाले."

त्यांच्या डोळ्यांपुढं भैयाजी आला. सायकलला पोतं अडकवलेलं, त्यातला एक बोल्ट उन्हात धरून हसणारा. 'पाह्य वासुदेव, चांदी करून आनली! दहा वर्षं गंजत नाई आता.' मालकानं काही सांगितलं नव्हतं. आपल्याच हौसेनं नागपूरला नेऊन प्लेटिंग करून आणले होते त्यानं.

रक्षा वाट पाहत होती. मान जराशी तिरपी, थेट बापासारखी.

"मी नेलते," वासुदेवराव म्हणाले.

रक्षानं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि उठली. दारापाशी जाऊन थांबली.

"तापवले काऊन नाई?"

"कोनं सांगतलंच नाई, बाई."

तेवढं मात्र खरं होतं. भैयाजीलाही कोणी सांगितलं नव्हतं.