मिलानची गाडी

"सणासुदीला कुणी स्टेशनवर डबा खातं का?" श्रीरंग सरलाच्या कानाशी पुटपुटला.

"हळू हो. भाषा नाही कळली तरी तुमचं तोंड दिसतंय त्यांना."

ईस्टरच्या सोमवारी इटलीत सगळे गावाबाहेर जाऊन गवतावर जेवतात, म्हणून शेजारच्या कार्मेलाने दोघांना सहलीला बोलावलं होतं. सरलाने हौसेने दशम्या केल्या. आणि इथे जर्मनीत, स्टुटगार्टच्या फलाटावर, मिलानच्या गाडीसमोर चादर पसरून इथे कामाला आलेला सगळा इटालियन गोतावळा अंडी सोलत बसलेला. भारतातून बोटीने इटलीत जिनोआला उतरून सरला-श्रीरंगही चार वर्षांपूर्वी याच मार्गाने आले होते. उद्या श्रीरंग कायमच्या नोकरीवर सही करणार होता. "इथेच बरं आहे," असं तो रोज म्हणायचा आणि सरला दमून मान डोलवायची.

गाडी हलली तशा गप्पा थांबल्या. "कांदा झोंबला," म्हणत कार्मेलाने डोळे पुसले. चादरीवर कांदा नव्हताच.

शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी श्रीरंग रुळांकडेच बघत राहिला.



"सरला, मला घरी जायचंय गं."