चिमूटभर खात्री

रुपराव कोपरापर्यंत हात बादलीत घालून फवारणीची भुकटी कालवत होते.

"काका, आधी हात बाहेर काढा," सुहासिनी म्हणाली. ती धरमपेठेतून सकाळच्या एस.टी.नं आली होती. वडील जाऊन महिना झाला होता. डॉक्टरांना आजाराचं नाव शेवटपर्यंत सांगता आलं नव्हतं.

"काहून वं? तुया बाबाचंच औषध आहे."

सहासष्ट सालापासून बारा वर्षं तिच्या वडिलांनी, मधुकररावांनी, या कीडनाशकाचा प्रचार केला होता. पिठाहून कितीतरी बारीक भुकटी. थोडीच पुरते, पानाला धरून राहते, पावसानं धुपत नाही. कंपनीच्या जीपमधून ते गावोगाव जात. कुणी शंका काढली की सगळ्यांदेखत चिमूटभर तोंडात टाकून वर पाणी पीत.

संत्र्यांना आंबिया बहार होता. येताना सुहासिनी झाडांखालूनच आली. फुलांचा वास दाटला होता, पण एकही मधमाशी नव्हती. आळ्यांतली माती नुकतीच उकरलेली होती; तिच्यात गांडूळ दिसलं नाही.

"इतकी बारीक वस्तू कातडीतूनही आत जाते, काका. तुमची बोटं बधिर होतात ना?"

"वय झालं आता. तू लय पुस्तकं वाचून राहिली." रुपराव हसले. "साहेबानं याच ओट्यावर बसून खाल्लं. पन्नास जणांनं पाह्यलं. तुयं पुस्तक खाते का?"

त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, चहा आणून ठेवला. सुहासिनीनं कप उचलला नाही.

शेवटच्या वर्षी बाबांचे हात इतके थरथरायचे की बशीतला चहा सांडायचा. तिला ती अपराधाची खूण वाटायची. तिनं कधी विचारलं नाही. आता बोललं तर या गावात बाबांचं नाव उरणार नव्हतं. नाही बोललं तर हा हात रोज बादलीत जाणार होता.

"ती भुकटी नव्हती, काका. पिठीसाखर होती. खायचंच असेल तर ही खा, अशी आईची अट होती. दौऱ्याच्या दिवशी सकाळी मीच खलायची, मीच पुडी बांधायची. बाबांनी तुम्हाला फसवलं."

रुपरावांचा हात थांबला. बऱ्याच वेळानं त्यांनी तो बाहेर काढला आणि धोतराला न पुसता तसाच समोर धरून बसले.

तुळसाबाई सुहासिनीजवळ येऊन टेकल्या.

"असं नोको म्हणू वं माय. तुयी पुडी ते जीपमधून उतरल्या उतरल्या माह्या हातावर ठेवत. पोरीनं बांधून देल्ली, चहात टाका म्हणत. लोकायपुढं खोटं कसं खाऊ, घरी मात्र सांगू नका म्हणत. मंग औषधाचा डबा उघडून त्यातलीच चिमूट तोंडात टाकत."