वर्षभराचे वाल

द्रौपदीने वालाच्या प्लास्टिकच्या गोणीत हात घातला. आत ऊब होती, कुबट वास होता आणि दाण्यांवर हिरवी बुरशी धरली होती. ती तिथेच भुईवर बसली.

“आणखी एक ऊन देऊ म्हणत होते,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्हीच घाईने गोणी भरलीत.”

नथू खाली बघत म्हणाला, “धुऊन वाळव. शिजल्यावर काय राहतंय?”

“बुरशीचं विष शिजून जात नाही.”

“मग शेळीला घाल.”

“तिचं दूध आपली नात पिते.”

तिच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता. नथूने कुदळ उचलली, परसात खड्डा खणला आणि वर्षभराचे वाल एकट्यानेच ओढत नेऊन पुरले.

मग तो तिच्याजवळ येऊन बसला. “पुढच्या साली तू म्हणशील तेव्हाच भरू.”

द्रौपदी नुसती “हं” म्हणाली आणि संध्याकाळच्या कोरड्या भातासाठी तांदूळ निवडू लागली.