ऐकल्याची खूण

"सर, कुणी फाइल नुसती उघडली, तरी उघडल्याची वेळ डिस्कवर लिहिली जाते," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "म्हणून तर यंत्र धापा टाकतंय. तेवढी नोंद बंद करा ना!"

"करतो."

"कधीपासून 'करतो'च म्हणताय! तिकडे मोठे साहेब माझं डोकं खातायत. बरं, चहाला येताय?"

"तू हो पुढे."

ती गेली. संस्थेच्या संगणकांची धुरा वाहणाऱ्या या गृहस्थांचा जीव त्याच नोंदीत गुंतला होता. पत्नी निवर्तल्यावर तिच्या आवाजाची एकमेव ध्वनिफीत त्यांनी या डिस्कवर ठेवली होती आणि त्या फाइलीचा ठावठिकाणा केवळ मुलाला कळवला होता. भांडून परदेशी गेलेल्या मुलाचे उत्तर आले नाही. मात्र त्या फाइलीपुढची वेळ अधूनमधून बदलू लागली. तो ऐकत होता. म्हणजे तो होता. पित्याने तेवढ्यावर समाधान मानले.

स्वतः त्यांनी ती ध्वनिफीत कधीही उघडली नव्हती. उघडली असती, तर मुलाची वेळ पुसली जाऊन तेथे त्यांचीच वेळ उमटली असती.

त्यांनी एकवार पाहिले. वेळ आज पहाटेची होती. मग आज्ञा लिहिली: डिस्क नव्या नियमाने माउंट व्हावी, म्हणजे यंत्राला पुन्हा जोडली जावी, यापुढे वाचनाची वेळ नोंदवू नये. यासाठी यंत्र थांबवावे लागत नाही. चालत्या कामातच नियम बदलतो. बोट क्षणभर कळीवर रेंगाळले, मग टेकले. पलीकडच्या खोलीत कुणी मानही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिले. तीच पहाट. पुढेही तीच पहाट राहणार, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरी ते रोज पाहत राहिले.

"सर, यंत्र कसं वाऱ्यासारखं पळतंय बघा!" तंत्रज्ञ मुलगी हसत म्हणाली. "आता तरी चला चहाला."

"तू हो पुढे."

दार लोटले गेले. त्यांनी जेवणाचा न उघडलेला डबा बाजूस सारला, हेडफोन कानांवर चढवला आणि ती फाइल प्रथमच उघडली. आता त्यामुळे मुलाची ती पहाट पुसली जाणार नव्हती.

थोडी खरखर झाली. मग पत्नीचा आवाज, मुलाला विचारणारा:

"जेवलास का रे?"

रिकाम्या खोलीत ते हलकेच म्हणाले, "अजून नाही."