बूड, कंबर, डोकं

मिस्त्रीच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मांडवाची दोरी अजून अंगणात पडून होती, आणि केंद्रात समिती येणार असल्याचं पत्र आलं. आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या शाळांसाठी ते विज्ञान शिक्षण संशोधन केंद्र होतं. त्याचं अनुदान चालू ठेवायचं की थांबवायचं, हे समिती ठरवणार होती.

मिस्त्री केंद्राच्या कार्यशाळेत प्रयोगाची खोकी बनवायचा. अठरा वर्षं झाली, पण तिथं काम काय चालतं हे त्याला घरी कधी पटवता आलं नाही. "पोरं कुठं चुकतात ते बघून लिहून ठेवतात," तो सांगायचा. बायको म्हणायची, "त्याला ऑफिस कशाला लागतं? आपल्या घरी तीन आहेत. या म्हणावं बघायला."

केंद्राच्या प्रमुख मोठ्या बाई. त्यांचा नियम एकच होता: मूल चुकत असताना तोंड उघडायचं नाही. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आधी कळू दे, शिकवायचं कसं ते मग बघू.

मागची समिती आली तेव्हा बाईंनी बारा मुलांना एकेक सेल, एकेक तार आणि एकेक छोटा दिवा दिला होता. दिवा लावून दाखवा, एवढंच सांगितलं. पंधरा मिनिटं एकाचाही लागला नाही. बाई भान हरपून लिहीत होत्या. एक साहेब मिस्त्रीच्या कानाशी लागून म्हणाला, "इतकी वर्षं हेच शिकवता होय?" त्यानंतर अनुदान निम्मं झालं आणि केंद्रातली सहा माणसं तीनवर आली.

या वेळी समितीची गाडी उशिरा येणार होती. शेजारच्या शाळेतली बारा मुलं तोवर कार्यशाळेत बसवली होती. बाई फाटकाशी उभ्या. मिस्त्री आणि मुलं, दुसरं कुणी नाही. त्यानं एकदा दाराकडं पाहिलं, आणि खोकं उघडलं.

"हे बघा रे. तारेचं एक टोक सेलच्या बुडाला. दुसरं दिव्याच्या कमरेला. आणि दिवा उभा करायचा सेलच्या डोक्यावर. बूड, कंबर, डोकं. म्हणा."

मुलांनी म्हटलं. बूड म्हणताना हसलीही.

समिती आली. पाच जणं होती. बाईंनी सामान वाटलं, वही उघडली आणि पेन्सिल कागदावर टेकवली. ती टेकलेलीच राहिली. अर्ध्या मिनिटात बाराच्या बारा दिवे लागले.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष खाली वाकले आणि दोन वेण्यांच्या एका मुलीला म्हणाले, "शाब्बास! कसा गं लागला?"

"बूड, कंबर, डोकं!"

अध्यक्ष खो-खो हसले. "वा! हे तर कुणाच्याही लक्षात राहील. बाई, तुम्ही काम फत्ते केलंत. हे एका पानावर छापून घेऊ आणि सगळ्या शाळांना पाठवून देऊ."

"साहेब, हे पाठांतर झालं," बाई म्हणाल्या. "यातल्या एकालाही दिवा का लागला ते कळलेलं नाही. मला आणखी दहा मिनिटं द्या, दाखवते."

"अहो, इतकं छान झालंय, आता कशाला नाट लावता?" अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "मुलांना येतंय, मग संशोधन कशावर करायचं राहिलं? ज्याचं काम झालं त्याला पैसे देत बसलो तर वरचे आमची खरडपट्टी काढतील."

गाडी गेली. मुलं दप्तरं उचलायला लागली. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. जे वाचवायला गेलो तेच आपल्या हातानं घालवलं, हे त्याच्या आत्ता कुठं ध्यानात येत होतं.

"किती वेळ लागला शिकवायला?" बाईंनी विचारलं.

"दहा मिनिटं, बाई."

"बघा. मला अठरा वर्षं लागली, अजून जमलं नव्हतं."

"बाई, मी साहेबांना फोन करून सांगतो. माझं नाव सांगतो."

"काय सांगाल? मुलांना दिवा लावायला शिकवला म्हणून? बक्षीस देतील तुम्हाला."

त्यांनी दोन वेण्यांच्या मुलीला थांबवलं. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. सेल टेबलाच्या या टोकाला ठेवला, दिवा त्या टोकाला, आणि तिच्या हातात दोन तारा दिल्या.

"आता लाव बघू."

"एवढ्या लांब?"

"एवढ्या लांब."

मुलगी पुटपुटायला लागली. बूड, कंबर. डोकं कुठं ठेवायचं ते कळेना. दोन्ही तारा बुडाला लावून पाहिल्या. मग दोन्ही कमरेला. मग एक तार तिनं उलटी करून लावली, जणू तारेलाच पुढची-मागची बाजू असावी. मिस्त्रीचा हात आपोआप पुढं गेला. बाईंनी मान वर न करता त्याच्या मनगटावर पेन्सिल आडवी धरली. मग वहीत तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली.

मुलगी चुकत राहिली. बाई लिहीत राहिल्या. बघायला मिस्त्रीशिवाय कुणी नव्हतं.

मार्चअखेर केंद्राला कुलूप लागलं. जूनमध्ये ते एक पान सगळ्या शाळांच्या भिंतींवर आलं. मोठ्या बाई त्याच जूनच्या एकोणीस तारखेला, दुपारी दोन वाजता, सरकारी दवाखान्यात वारल्या.