खोपीतलं गाडगं

पासष्टच्या लढाईचे दिवस होते, पंतप्रधानांनी धान्य वाचवायची हाक दिली होती. दर सोमवारी सांजच्याला देशासाठी चूल बंद ठेवायची, अशी शपथ वाशीकडच्या त्या गावात चावडीवर सगळ्यांत आधी गोरोबानं घेतली. लग्नाला चार महिने झालेले, बायको केवळा, तिच्याशी बोलणं जेमतेम. पहिल्याच सोमवारी केवळानं भीतभीत विचारलं, "तुमच्यापुरती भाकरी टाकू का?" तसा तो गरजला, "तिकडं जवान छातीवर गोळ्या झेलतेत आन तुला भाकरी सुचती व्हय?"

आणि जोंधळा राखायला म्हणून रानात गेला. तिथं राखणीच्या खोपीत त्यानं भाजलेल्या शेंगदाण्यांचं गाडगं लपवलं होतं. पाच सोमवार झाले तरी गाडगं भरलेलंच. आपण खातो तरी किती कमी, याचा गोरोबाला अभिमानच वाटायचा.

मग केवळा पंधरा दिवस माहेरी गेली. पहिल्या सोमवारी गाडगं निम्मं झालं. दुसऱ्या सोमवारी हात बुडाला लागला आणि गोरोबानं मागचे पाच सोमवार बोटांवर मोजले.

दुसऱ्या दिवशी तो तिला आणायला गेला. सासू म्हणाली, "जावईबापू, पोरीला आता तुमीच समजवा. काल इथंबी जेवली न्हाय. म्हणती, मालक तिकडं उपाशी हायेत, म्या कशी जेवू?"



तेवढ्यात आतल्या चुलीवरून शेंगदाणे भाजल्याचा वास आला.