पिवळी ओढणी

बाळांनो, निडी गावच्या शिवारातलं एक शेत डोळ्यांसमोर आणा. उन्हाळी भातासाठी कालव्याचं पाणी सोडलंय, त्यामुळे शेतभर गुडघाभर चिखल. बांधावर संध्याबाई आणि त्यांचा सहावीचा वर्ग. बांधाच्या टोकाला वर्गातल्या रवीच्या बाबांनी पोपटी लावलीय. वालाच्या शेंगांनी भरलेलं मडकं, भोवती पेटलेला पेंढा.

बाईंनी काठी टोकावर उभी धरली. एका बाजूला चिमा, दुसऱ्या बाजूला पूजा. आजच्या विज्ञानाच्या खेळात प्रकाशाचा कण कोण होणार ते काठी पडेल तसं ठरायचं होतं. त्याला पिवळी ओढणी मिळणार होती, आणि ओढणी एकच होती.

"बाई, मी हिच्यापेक्षा जोरात पळते," चिमा म्हणाली.

"दोघी सारख्याच पळता. काठीलाही दोघी सारख्याच."

बाईंनी बोट काढलं. काठी जराशी थरथरली आणि पूजाकडे पडली.

"वाऱ्यानं पडली! परत लावा ना."

"एकदा पडली की पडली. विश्वाच्या सुरुवातीलाही असंच झालं. आधी सगळे कण बिनवजनाचे, सारखेच पळणारे. मग ते सारखेपण मोडलं, काठी एका बाजूला पडली तसं. तेव्हापासून एक न दिसणारा चिखल सगळीकडे भरून आहे. जो कण त्यात रुततो, त्याला वस्तुमान येतं. प्रकाश रुतत नाही. म्हणून पूजा बांधावरून पळेल, बाकीचे चिखलातून."

पूजाने ओढणी कमरेला बांधली. गाठ नीट बसली नव्हती, तरी ती चिमाला फारच छान दिसली.

शिट्टी वाजली. चिमाचा पाय रुतला, निघाला, पुन्हा रुतला. वरून पूजा भुर्रकन गेली.

"ये गो म्हशे, ये!" ती ओरडली.

चिमाने दात-ओठ खाल्ले. ती टोकाला पोचेपर्यंत पूजाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या.

तेवढ्यात मडकं उघडलं. वाफाळत्या शेंगा पानावर पडल्या आणि चिखलातली मुलं बांधाला टेकून खाऊ लागली. पूजाचा पाय मंदावला.

"बाई, मी?"

"प्रकाश कुठं थांबतो? थांबतात ते रुतणारे," बाई हसून म्हणाल्या. "पळ!"

सगळे खो-खो हसले. पूजाही हसली, पण पुढच्या फेरीला तिचं लक्ष शेंगांवरच होतं. ओढणी सैल होऊन मागे फरफटत होती.

चिमाने ते पाहिलं. पूजा जवळ येताच तिने चिखलाचा हात लांब केला आणि तिचा घोटा पकडला.

थपाक! पूजा कमरेपर्यंत चिखलात बसली. पिवळी ओढणी काळी झाली.

"घे, आता तुलाबी वजन आलं," चिमा म्हणाली. मग तिने हातातली शेंग सोलली आणि अर्धे दाणे पूजाच्या तळहातावर ठेवले.